इंदूरजवळून आकाशाची अवरक्त प्रभा टिपताना

रात्रीचं आकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशात मंद झळकतं. वरच्या वातावरणातले नायट्रिक ऑक्साइडचे आयन (विद्युतभारित रेणू) ४.३ मायक्रॉन तरंगलांबीला झळकतात, पण खालचा कार्बन डायऑक्साइड तो प्रकाश गिळतो. तो उपग्रहातूनच मोजावा लागतो. जमिनीवरून हाती लागतो तो हायड्रॉक्सिल रेणू. सुमारे ८७ किलोमीटरवर हायड्रोजन आणि ओझोनच्या अभिक्रियेतून तो ऊर्जित होतो आणि त्याचे ७०० ते १००० नॅनोमीटरमधले वर्णपट्टे साध्या सिलिकॉन सेन्सरला दिसतात.

कॅमेऱ्यातला अवरक्त-रोधक फिल्टर काढून घ्या. लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, २४ मिमी, एफ/२, आयएसओ ३२००, ३० सेकंद. फोकस फिल्टर लावूनच, ठळक ताऱ्यावर करा. अवरक्तात तो सरकतो आणि बहुतेकांची पहिली रात्र इथेच वाया जाते.

अमावस्येच्या आसपास, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर जा. हवेतली वाफ ९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, म्हणून कोरडी हवा हवी. इंदूरकडे पाठ करा: सोडियमचे दिवे ८१९ नॅनोमीटरलाही झळकतात. क्षितिजापासून २० अंशांवर दृष्टिरेषा हायड्रॉक्सिलच्या थरातून तिरपी जाते, म्हणून प्रभा ठळक दिसते. तिथला थर सव्वादोनशे किलोमीटर दूर असतो. दक्षिणेला पाहिलंत तर थेट अजिंठ्याच्या परिसरावरचा!

तासभर सलग फोटो घ्या, शेवटी झाकण लावून त्याच तापमानाला १५-२० काळ्या फ्रेम, म्हणजे सेन्सरचा गोंगाट वजा करता येतो. फोटोंत प्रभेचे पट्टे सरकताना तारे मंदावले, तर ते विरळ ढग. तारे तसेच राहिले, तर त्या वातावरणातल्या गुरुत्व-लहरी, म्हणजे हवा वर-खाली झाल्याने उठणाऱ्या लाटा.