वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट ओळखताना

भूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीत मी कॅव्हन्साइट हे निळे खनिज पहिल्यांदा पाहिले. स्टिल्बाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांवर हरभऱ्याएवढा निळाभोर गोळा बसला होता. दहापटीचे भिंग लावल्यावर कळले, की तो गोळा म्हणजे एका केंद्रातून चहूबाजूंना निघालेल्या टोकदार पात्यांचा गुच्छ आहे. तो आकार आजही डोळ्यांसमोर आहे.

त्या दिवशी मात्र मी वहीत ‘अझुराइट’ असे, म्हणजे तांब्याच्या एका निळ्या खनिजाचे नाव लिहिले. निळा रंग म्हणजे तांबे, असे मनात पक्के बसले होते. त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच नमुना फसफसला आणि माझी खात्रीच पटली. प्रत्यक्षात बुडबुडे येत होते ते गोळ्याला लागून असलेल्या कॅल्साइट या कार्बोनेट खनिजातून. अझुराइट हे कार्बोनेट असल्याने स्वतः फसफसते. कॅव्हन्साइट सिलिकेट असल्याने फसफसत नाही. म्हणून आम्ल वापरायचेच असेल, तर निळ्या खनिजाचा सुटा पडलेला कण वेगळा घेऊन त्यावर वापरावे आणि बुडबुडे नेमके कोठून येतात हे भिंगातून पाहावे. चांगल्या नमुन्यावर आम्ल टाकूच नये, कारण सोबतच्या स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट या खनिजांनाही त्याने इजा होते.

आम्लाच्याही आधी खनिजाची सोबत पाहावी, असे माझे ठाम मत आहे. अझुराइट तांब्याच्या धातुकाच्या, हवापाण्याने बदललेल्या वरच्या भागात, बहुधा हिरव्या मॅलाकाइटबरोबर आढळते. वाघोलीचे कॅव्हन्साइट ज्वालामुखीजन्य खडकातील पोकळ्यांत आणि भेगांत, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या झिओलाइट गटातील खनिजांच्या संगतीत मिळते. त्याच्या नावातच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन ही तिन्ही मूलद्रव्ये आहेत आणि निळा रंग येतो तो +४ अवस्थेतील, म्हणजे चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या व्हॅनेडियममुळे. हे खनिज १९६७ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तरी जगभरच्या संग्रहांतील सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे आहेत. कठिणता ३ ते ४, म्हणजे नखाने ओरखडा उठत नाही, चाकूने सहज उठतो. पण अझुराइटची कठिणताही जवळपास तेवढीच असल्याने या कसोटीवर निर्णय सोपवू नये.

खरी अडचण पेंटागोनाइट या दुसऱ्या खनिजाची आहे. त्याचे रासायनिक सूत्र कॅव्हन्साइटचेच, रंगही तोच; फरक अणूंच्या मांडणीत आहे. पाती सुटी, लांब आणि भाल्यासारखी असतील व जुळ्या स्फटिकांचा आडवा छेद पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसत असेल, तर पेंटागोनाइटचा विचार करावा. गच्च, गोलाकार गुच्छ बहुधा कॅव्हन्साइटचा असतो. शंका उरली तर वहीत दोन्ही नावे लिहून ‘क्ष-किरण विवर्तन तपासणी बाकी’ अशी नोंद करावी; अणूंची मांडणी या तपासणीतूनच कळते. अशी नोंद हा कमीपणा नव्हे.

खाणीत परवानगीशिवाय जाऊ नये आणि सुरुंगाने सैल झालेल्या कड्याखाली थांबू नये. नमुना विकत घेत असाल, तर गोळ्याच्या बुडाशी गोंदाची चकाकी आहे का, हे भिंगाने पाहावे, कारण निखळलेले गोळे पुन्हा चिकटवले जातात. स्वतः गोळा केलेला नमुना निळी बाजू वर ठेवून, तिला कागदाचाही स्पर्श होणार नाही अशा रीतीने डबीत बसवावा. माझा पहिला गुच्छ परतीच्या प्रवासात कापसाच्या तंतूंत अडकूनच निखळला.