लिफ्ट किट मागवण्याआधी मोजायची टेप लावा

लिफ्ट किट म्हणजे गाडीची उंची वाढवणारा स्प्रिंग वगैरेंचा संच. २ इंचाचं किट बसवूनही कधी गाडी नीट उंच होत नाही, कधी दगडासारखी कडक होते. बहुतेकदा चूक स्प्रिंगच्या निवडीत असते.

१. गाडी सपाट जागी, नेहमीच्या सामानासकट उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. टायरमधल्या हवेने हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजू नका.

२. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), लोखंडी बंपर, छतावरचं कॅरियर यांचं कायमचं वजन किलोत मांडा. विक्रेत्याला आधी वजन सांगा, मग उंची.

बसवल्यावर चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवा आणि ब्रेकचा होज (चाकाकडे जाणारी ब्रेक ऑइलची लवचिक नळी) ताणला जात नाही ना, हे हाताने चाचपून पाहा. तो ताणला जात असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका.