गळ्यातली गाठ: काढायची की ठेवायची?

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीला नारळ बांधताना मान वर केली, तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, गळ्याशी काय हो हे?" सुपारीएवढी गाठ, आवंढा गिळला की वरखाली होणारी. तिनं हसत स्वतःचा गळा चाचपला, तर तिच्याकडे माझ्यापेक्षा मोठी! आज माझी निघाली आहे, तिची तशीच आहे. दोन्ही निर्णय बरोबर होते. म्हणून सांगते, गाठीच्या आकारावरून घाबरू नका. थायरॉइड ग्रंथीच्या बहुतेक गाठी साध्याच, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात.

आधी रक्तातली टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन तपासायचं. ती कमी आली तर डॉक्टर थायरॉइडचा स्कॅन सांगतात. जास्त हार्मोन करणारी 'गरम' गाठ क्वचितच कॅन्सरची असते. मग सोनोग्राफी. रिपोर्टात टायरॅड्सचा आकडा शोधा, 1 ते 5; गाठीबद्दल संशय किती ते तो सांगतो. साधारणपणे 3 असेल तर अडीच सेंटिमीटरपासून, 4 ला दीडपासून आणि 5 ला एक सेंटिमीटरपासून सुईची तपासणी, म्हणजे गाठीतल्या पेशी सुईनं काढून बघणं, करतात. माझी 2.2 सेंटिमीटर, टायरॅड्स 4. भावजयीची साडेतीन, टायरॅड्स 3. म्हणजे सुई दोघींनाही.

इथंच माझं डोकं फिरलं होतं. पहिल्या सर्जननी सुई टोचायच्या आधीच म्हटलं, "थायरॉइडच्या दोन्ही बाजू काढून टाकू, कटकट संपेल." मी फाईल उचलली आणि घरी आले. सुईच्या रिपोर्टाशिवाय कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर का ते विचाराच.

सुईला भूल लागली नाही. तेवढा वेळ गिळायचं नाही, बस. रिपोर्टात बेथेस्डा, म्हणजे पेशी कशा दिसल्या त्याचा आकडा, 1 ते 6 असतं. 1 म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, पुन्हा टोचा. 2 म्हणजे साधी. भावजयीची तीच, म्हणून तिला फक्त ठरावीक काळानं सोनोग्राफी. पण साधी गाठसुद्धा घास अडकवत असेल, आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल किंवा चार सेंटिमीटरपुढे गेली असेल, तर ऑपरेशनचं बोलणं निघतं. 3 आली तर बहुधा सुई पुन्हा. 5 आणि 6 ला सहसा ऑपरेशनच.

माझी 4. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं: सुईत पेशी येतात, पण त्या गाठीचं आवरण फोडून बाहेर पडल्यात का, म्हणजे कॅन्सर आहे का, ते गाठ काढून तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून फक्त उजवी बाजू काढायची. डावी राहिली तर अनेकांना गोळी लागत नाही. पूर्ण काढली की थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी. शिवाय थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसून कॅल्शियम उतरू शकतं. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं.

मी भजनात गाते, म्हणून आवाजाचं खोदून विचारलं. स्वरयंत्राच्या नसा ग्रंथीला चिकटूनच जातात. उंच स्वरांची नस वेगळी. ऑपरेशनआधी स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्या. सर्जनला न लाजता विचारा, वर्षाला अशी किती करता? 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात, वर्षाला 25 हून जास्त पूर्ण थायरॉइड काढणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी आढळली होती.

पैशांचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड दाखवून, आपलं ऑपरेशन त्यात बसतं का ते भरती होण्याआधीच विचारा. बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात जा नाहीतर खासगीत, फाईलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा.

आवाज अचानक घोगरा झाला, गाठ भराभर वाढली, मानेत आणखी गाठी लागल्या, तर यातलं काही वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

माझी गाठ साधी निघाली. काळी चारमध्ये गायचे, आता पांढरी पाच, म्हणजे अर्धा स्वर खाली. पेटीवाल्याला सांगावं लागलं नाही. भावजयीची सोनोग्राफी श्रावणात आहे, तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मीच लिहून आलेय.