आईबाबांनी गाडी चालवत राहावी असं वाटतं ना? मग या चुका टाळा

सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांच्या गाडी चालवण्याबद्दल बहुतेक घरांत दोनच प्रकार दिसतात. एकतर 'ते चाळीस वर्षं चालवतायत, त्यांना आपण काय सांगणार' म्हणून कुणी लक्ष घालत नाही, नाहीतर बंपरवर पहिला ओरखडा उमटला की किल्ली थेट मुलाच्या कपाटात जाते. डोळे नीट तपासून घेणं, सीट बसवून देणं, गोळ्यांची पाकिटं बघणं, रस्ता बदलून देणं ही मधली कामं कुणाला करायची नसतात. आणि खरा फरक पडतो तो या कामांनीच.

पंचाहत्तरीला ऑटोमॅटिक गाडी भेट देणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. बाबांचा डावा गुडघा दुखतो, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय भरून येतो. मुलं प्रेमाने एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेऊन देतात. विचार चांगलाच आहे. चुकतं ते पुढे. शोरूमचा माणूस पार्किंगमध्ये दोन चकरा मारून देतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी बाबा एकटे बाहेर पडतात.

चाळीस वर्षं त्यांच्या डाव्या पायाला एकच गोष्ट ठाऊक आहे: थांबायचं असलं की पेडल तळापर्यंत दाबायचं. नव्या गाडीत क्लच नाही आणि ब्रेकचं पेडल बऱ्याचदा जास्त रुंद असतं. गडबडीत डावा पाय त्याच्यावर पूर्ण जोराने पडतो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन धडकतो. दुसरा धोका याहून मोठा. 'डी'मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये) असलेल्या गाडीचा ब्रेक सोडला की ती आपोआप पुढे सरकते. सवय नसलेला माणूस दचकतो, उजवा पाय ब्रेकच्या ऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, गाडी उसळते. आपण ब्रेकच दाबतोय अशी त्याची पक्की समजूत असल्यामुळे तो पेडल आणखी दाबतो.

पुण्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या बाबतीत हेच झालं. नवी एएमटी येऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. सोसायटीच्या फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि वॉचमनकडून पार्सल घ्यायला खिडकीतून हात बाहेर काढला. गाडी 'डी'मध्येच होती. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तो उजव्या खिडकीकडे वळून वाकला की कंबर फिरते, उजव्या पायाची टाच जमिनीवरून सुटते आणि पाऊल परत टेकतं ते दोन-तीन इंच उजवीकडे. तिथे अ‍ॅक्सिलरेटर असतो. गाडी सरकू लागली, त्यांनी 'ब्रेक' दाबला आणि ती फाटकाच्या खांबावर गेली. वॉचमन बाजूला होता म्हणून वाचला. घरच्यांनी निष्कर्ष काढला की बाबांना आता जमत नाही, आणि महिन्याभरात गाडी विकली. त्याच बाबांनी आधीची गिअरची गाडी वर्षानुवर्षं एकही ओरखडा न पाडता चालवली होती. त्यांना सरावच मिळाला नव्हता, आणि त्याकडे कुणी बघितलं नाही.

गाडी बदलायचीच असेल तर पासष्टीच्या आसपास बदला, गुडघा पुरता बसायची वाट बघू नका. आणि सरावाला किमान तीन आठवडे द्या. पहिला आठवडा रविवारी सकाळी असतं तसं रिकामं मैदान, रोज अर्धा तास, आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. ब्रेक सोडायचा, गाडी सरकू द्यायची, ब्रेक दाबायचा, बस. डावं पाऊल क्लचच्या जागेच्या डावीकडे पाय टेकायला दिलेल्या उंचवट्यावर, तो नसेल तर मागे ओढून सीटजवळ. उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर रोवलेली, अ‍ॅक्सिलरेटरसाठी फक्त चवडा उजवीकडे वळवायचा. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या आसपासच्या गल्ल्या, तिसऱ्यात नेहमीचा मंडईचा किंवा देवळाचा रस्ता. या काळात जुनी गिअरची गाडी अजिबात चालवायची नाही, नाहीतर पायांना काहीच कळत नाही. एक नियम कायमचा: हात खिडकीबाहेर जाण्याआधी गाडी 'एन'मध्ये (न्यूट्रलमध्ये) आणि हँडब्रेक वर.

बऱ्याच एएमटी गाड्यांत 'पी', म्हणजे पार्किंगचा गिअर नसतो, हेही विकणारा सांगत नाही. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून बंद करायची. बेसमेंटचा रॅम्प चढायचा असेल तर चढावर गाडी मागे न येऊ देणारी सोय आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारा. एवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर कृपा करून ऑटोमॅटिक घेऊ नका. घाईत शिकवलेली ऑटोमॅटिक ही सवयीच्या जुन्या गाडीपेक्षा जास्त धोकादायक आहे.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं समजणं

दुकानात उजेडात बसून काढलेला नंबर फक्त नंबरच सांगतो. मोतीबिंदूमुळे समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटतो, हे त्या खुर्चीत कळत नाही. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि समोरचं बराच काळ स्वच्छ दिसत असल्याने माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही. डाव्या बाजूने येणारा सायकलवाला 'अचानक' दिसायला लागला तर तो अचानक आलेला नसतो. त्यामुळे वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जा, डोळ्यांचा दाब आणि फील्ड टेस्ट (कडेच्या नजरेची तपासणी) करायची आहे असं स्वतःहून सांगा, आणि 'हे गाडी चालवतात' हेही सांगा. डॉक्टर ते दर वेळी विचारतीलच असं नाही.

घरी करायची तपासणी सोपी आहे. परवान्याच्या अर्जात विचारलेलं असतं की २५ मीटरवरची गाडीची नंबर प्लेट दिवसाच्या चांगल्या उजेडात वाचता येते का. २५ मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या सहा छोट्या गाड्यांएवढं अंतर. पार्किंगमध्ये उभं राहून चष्म्यासह वाचायला सांगा. अडखळले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून रात्रीची गाडी आधी सोडायची, दिवसाची नाही. 'नाइट ड्रायव्हिंग'च्या नावाने विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. ते मुळात कमी असलेला उजेड आणखी कमी करतात. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर असलेला) आला की पहिले काही दिवस तो लावून घरात वावरायचं, गाडी नंतर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा बाकी आहे, अशा काळात अंतराचा अंदाज चुकतो. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट 'चालवा' म्हटल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि समोरची काच आतून पुसा. बाहेरून रोज फडकं मारणाऱ्यांच्या काचेवरही आतून तेलकट थर असतो, संध्याकाळी सगळी चमक तोच थर पसरवतो. वायपरची रबरं जून उजाडण्याआधी बदला.

सोफ्याची उशी सीटवर ठेवणं

वयाने पाठ वाकते, उंची थोडी घटते आणि बाबा स्टिअरिंगच्या वरून बघण्याऐवजी त्याच्या आरपार बघायला लागतात. मग कुणीतरी उशी देतं. मऊ उशी ब्रेक मारल्यावर सरकते आणि अंग कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतं. आधी सीटची उंची वाढवायचा दांडा आहे का बघा. कित्येकांना तो असल्याचंच माहीत नसतं. नसेल तर दीड-दोन इंचांचं घट्ट, खाली न सरकणारं आसन. नजर स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा किमान तीन इंच वर हवी, छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. चढ-उतार सोपी करणारी फिरती चकती फक्त शेजारच्या सीटसाठी. ड्रायव्हरच्या सीटवर ती नको म्हणजे नको.

चप्पल घालून गाडी चालवायची नाही. टाचेला पट्टा असलेली, पातळ तळाची सँडल किंवा बूट. पायपुसण्यावर पायपुसणं घालायचं नाही, वरचं सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकतं. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीच ठेवायची नाही.

औषधांकडे दुर्लक्ष

सर्दीच्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते. झोपेसाठी घेतलेल्या अल्प्राझोलामचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. पायांच्या मुंग्यांसाठी दिलेलं प्रेगाबालिन, प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅम्सुलोसिन यांनी गरगरतं. तीन डॉक्टरांच्या गोळ्या तीन डब्यांत असतात आणि सगळ्या एकत्र कुणीच पाहिलेल्या नसतात. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवा आणि नेमकं विचारा, 'यातली कुठली घेतल्यावर गाडी चालवायची नाही?'

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर मोजायची. ९० च्या खाली असेल तर आधी खाणं, मग परत मोजणं, मग गाडी. साखर खरोखर उतरून घाम-थरथर झाली असेल तर ती सावरल्यानंतरही ४५ मिनिटं थांबायचं, कारण हातपाय ठीक वाटले तरी डोकं उशिरा सावरतं. ग्लुकोजची पुडी दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नव्हे. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते आणि पेडल किती दाबलं ते कळत नाही. ती तपासणीही मागून घ्या.

एजंटकडून सर्टिफिकेट

वयाच्या ५५ नंतर परवान्याचं नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं १-अ प्रमाणपत्र (गाडी चालवायला तब्येत ठीक असल्याचा दाखला) लागतं. ते माणूस न बघता शिक्का मारून आणणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे. पाच वर्षांतून एकदा कायदाच तुम्हाला तपासणीचं निमित्त देतोय, ते वाया घालवू नका. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. संपून एक वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

परवाना गेला म्हणून २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन देणारेही बरेच. तिला परवाना लागत नाही हे खरं, पण तोल, नजर आणि ब्रेक तेवढेच लागतात. हेल्मेटही घालाच. साध्या स्कूटरला बाजूची चाकं लावायची असतील तर आधी आरटीओत चौकशी आणि नोंद, आणि वळणाचा वेगळा सराव. तशी स्कूटर वळताना कलत नाही, आणि जुना चालक सवयीने तिला कलवायला जातो.

शेजारी बसून ओरडणं

'अहो बाबा, ब्रेक!' याने कुणाची गाडी सुधारलेली नाही. त्यांच्या नेहमीच्या रस्त्यावर अर्धा तास गप्प बसून जा. बघायचं ते असं: उजवीकडे वळताना समोरच्या गाडीच्या वेगाचा अंदाज येतो का, लेन बदलताना मान वळते का, सिग्नल हिरवा झाल्यावर कितीदा मागून हॉर्न वाजतो, ओरखडे गाडीच्या एकाच बाजूला आहेत का. घरी येऊन चहा झाल्यावर एकच मुद्दा बोला. उजवं वळण जड जात असेल तर बाण असलेल्या सिग्नलवरूनच वळायचं, किंवा पुढे जाऊन तीन डावी वळणं घेऊन त्याच रस्त्याला लागायचं. तो रस्ता त्यांच्याबरोबर दोनदा फिरून पक्का करून द्या. बाहेरची कामं सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये बसवा, मुसळधार पावसात पुढे ढकला. मान वळत नसेल तर रुंद आरसा आणि मागचा कॅमेरा लावून घ्या, फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व्यायामही.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पेडलची गफलत परत होणं, क्षणभर शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं तर मात्र गाडी त्या दिवसापासून बंद, आणि आधी डॉक्टर. तेव्हा किल्ली काढून घेऊन नुसतं घरी बसवू नका. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोलचा वर्षाचा खर्च काढा, त्याला बाराने भागा आणि ती रक्कम दर महिन्याला रिक्षासाठी त्यांच्याच हातात द्या. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळ लावा. मंडई, बँक, नाट्यगृह, मित्राचं घर, जिथे ते गाडीने जात होते तिथे रिक्षाने पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही सोबत जा.