रेतन झाल्यावर गाय पत्र्याखाली बांधू नका (ऑक्टोबरचा सल्ला)

पाऊस ओसरला, उकाडा सुरू झाला आणि गोव्यात सत्तरी, धारबांदोड्याकडे परत तेच ऐकू येतंय, गाय उलटली, म्हणजे कृत्रिम रेतन (वीर्य सोडणं) करूनही गाभण न राहता परत माजावर आली. दोष लगेच रेतनाला. पण बऱ्याच वेळा गर्भ धरलेला असतो हो, तो पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत मरतो, कारण रेतन करून डॉक्टर गेटबाहेर पडले की गाय परत त्याच तापलेल्या पत्र्याखाली.

आत काय चालतं ते बघा. माजात इस्ट्रोजेन हा हार्मोन गर्भाशय तयार करतो. बीज सुटलं की त्याच जागी पीतपिंड (पिवळी गाठ) बनतो आणि प्रोजेस्टेरॉन हा दुसरा हार्मोन सोडायला लागतो, त्याच्याच जोरावर गर्भाशयात गर्भाचं पोषण पाझरतं. गर्भ चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतो, सातव्या दिवशीसुद्धा टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान असतो, मग 12 ते 16 दिवसांत भराभर लांबतो आणि इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन सोडून गायीला कळवतो की मी आहे. प्रोजेस्टेरॉन उशिरा चढलं तर गर्भ खुजा, निरोप कमजोर, मग गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन (हाही हार्मोन) पीतपिंड मोडतं आणि 21व्या दिवसाच्या आसपास परत माज.

उष्णतेचा सगळ्यात मोठा मार पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गर्भाला. म्हणून रेतनाच्या दिवसापासूनच पत्र्यावर माडाची चुडतं टाका, दुपारी अंगावर पाणी मारा आणि वारा खेळता ठेवा (नुसतं पाणी मारून कोंदट गोठ्यात काही उपयोग नाही, आपल्याकडे दमटपणा आधीच जास्त), प्यायला पाणी चोवीस तास समोर. हे किमान 17 दिवस तरी सोडू नका. माझा अंदाज, या दिवसांत टेंपोतून हलवलेली गाय जास्त उलटते.

दुकानदार "गर्भ टिकवायचं" महागडं इंजेक्शन सरसकट गळ्यात मारतात, घेऊ नका. वारंवार उलटणाऱ्या गायीला डॉक्टर तपासून रेतनावेळी बीज सुटायला मदत करणारं बुसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम देतात, ते वेगळं. आणि माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिन स्वतःहून कधीच टोचू नका, गाय गाभण असली तर गर्भ गेलाच समजा!

बाकी नेहमीचं:
- सकाळी माज, संध्याकाळी रेतन. संध्याकाळी माज, सकाळी रेतन
- गोठवलेल्या वीर्याची कांडी 37 अंश पाण्यात 30 सेकंद
- मिनरल मिक्सचर रोज 50 ग्रॅम
- जंतनाशक, गोचिडाचा बंदोबस्त, लाळ-खुरकत लस
- रेतनाची तारीख भिंतीवर खडूने, 18 ते 24व्या दिवशी पहाटे आणि रात्री सोट (माजाचा चिकट स्राव) बघा