युद्धकादंबरीवर प्रबंधिका लिहिताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी ऐटीत लिहून दिलं : ‘युद्धकादंबरीतील मानवी संहार’. सरांनी आराखडा वाचला आणि विचारलं, “यात मेलेली माणसं बरीच आहेत. मागं राहिलेली कुठं आहेत?” मी गप्प. परतताना कदंबच्या बसमध्ये पहिली वीस पानं पुन्हा चाळली. खरंच, एकही नव्हतं.

यंदा याच वळणाचा विषय घेणाऱ्या दोघातिघांनी मला विचारलं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, पुस्तकं कमी घ्या. मी अकरा घेतली होती, उरली तीन. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून वाचायची सवय लावा. घरी वाचलं की मध्येच कुणीतरी नारळ सोलायला बोलावतं. अनुवाद वापरणार असाल तर ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाका, लपवू नका.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीतून आलेली. गोव्यातली आहे म्हणून मार्मागोवा बंदराची कथा कुठंतरी बसवायचीच असा हट्ट धरला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून 1939 मध्ये जर्मन जहाजं तिथं आसऱ्याला आली. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांच्या हौशी स्वारांनी त्यातल्या ‘एरेनफेल्स’ या जहाजावर छापा घातला आणि खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. तीन आठवडे यात गेले. पण मला सापडलेला सगळा मजकूर छाप्याच्या थराराचा. साडेतीन वर्षं परक्या बंदरात अडकून पडलेला खलाशी संध्याकाळी काय करत असेल, याचं एक वाक्य नाही. सोडून दिलं. आपल्या गावाचं नाव येतं एवढ्यावर उतारा ठेवायचा नसतो.

आता मुख्य. वाचताना मी एका वहीत एकच प्रश्न लिहीत गेले : हे माणूस आपली गोष्ट कुणाला सांगू शकत नाही?

रेमार्कच्या पहिल्या महायुद्धावरच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये (1929) खंदकांपेक्षा रजेचा भाग जास्त वेळा वाचा. तरुण जर्मन सैनिक पॉल घरी येतो. आजारी आई विचारते, तिकडं फार वाईट होतं का? तो नाही म्हणतो. मग तो मेलेल्या मित्राच्या आईकडं जातो. मित्र तळमळून गेलेला असतो, हा सांगतो की जागच्या जागी गेला. तिला पटत नाही. ती शपथ मागते : खोटं असेल तर तूही परत येणार नाहीस, चालेल? तो चालेल म्हणतो. कादंबरीच्या शेवटी तो खरंच परत येत नाही. मी या प्रसंगावर नऊ पानं लिहिली, सरांनी चार ठेवली. तरी मला वाटतं, दोन माणसं एकाच मृत्यूचं दुःख करत समोरासमोर बसलेली असूनही किती एकटी असतात, हे याहून नेमकं मी वाचलेलं नाही.

व्हर्जिनिया वूल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’त (1925) सगळ्यांचं लक्ष पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सेप्टिमसकडं जातं. तो लंडनच्या बागेत, इटलीत मारल्या गेलेल्या आपल्या अधिकाऱ्याशी, एव्हान्सशी बोलतो. माझंही तसंच झालं. पण त्याच्या शेजारी बसलेली बायको, मिलानची, टोप्या शिवणारी रेझिया, हिच्याकडं बघा. परक्या देशात आली आणि नवरा मेलेल्या माणसाशी बोलतोय. तिच्याशी बोलायला कोणी नाही. मौखिकीत मला नेमका तिच्यावरच प्रश्न आला.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती मासुजी इबुसेची ‘ब्लॅक रेन’. साठच्या दशकातली, हिरोशिमावरची. भाचीचं स्थळ जुळत नाही, कारण ती स्फोटाच्या दिवशी शहरात होती अशी कुजबुज. ती निरोगी आहे हे मध्यस्थाला पटावं म्हणून मामा त्या दिवसांची रोजनिशी सुवाच्य अक्षरात उतरवायला घेतो. इकडं वही भरत जाते आणि तिकडं पोर आजारी पडते. बॉम्ब लांबचा वाटेल. ‘मुलीत काही दोष नाही ना’ हा प्रश्न आपल्या ओसरीवरचाच आहे.

याच टप्प्यावर मला पानिपत आठवलं. ‘विश्वास गेला पानिपतात’ आपण सहज बोलून जातो. पण 14 जानेवारी 1761 नंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी वैधव्य मानलंच नाही. पुढं भाऊंचा तोतयाही उभा राहिला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे निघाले. देह न सापडलेल्या माणसासाठी आपल्याकडं पालाशविधी आहे, पळसाची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा. म्हणजे हा पेच धर्मशास्त्रालाही माहीत होता. अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून ज्या दुःखाला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ असं नाव दिलं, ते हेच : माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही. सिद्धान्ताच्या प्रकरणात परक्या संज्ञांची रांग लावण्याआधी आपल्या भाषेत त्याला काही आहे का ते शोधा.

एक व्यवहाराचं. रात्री हे वाचू नका. फेब्रुवारीत माझी झोप उडाली होती. मग सकाळी वाचन आणि दुपारनंतर फक्त टंकलेखन, तळटिपा, शुद्धलेखन असं ठरवलं. बरं पडलं.

आणखी एक. आमच्या वाड्यावरच्या आजींचा थोरला भाऊ तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोटीवर गेला, पुढं पत्र नाही. ही गोष्ट प्रबंधिकेत घालायचा मोह मला फार झाला. परीक्षक खूश झाले असते. पण आजींनी ती मला फणसाचे गरे काढताना सांगितली होती, परवानगी मागून लिहून घेतलेली मुलाखत नव्हती ती. नाही घातली.

बांधून आलेली प्रत आजींना दाखवायला गेले तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन वजन बघितलं. “जालें तुजें?” म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, त्या मामाची वही कोणी वाचली का शेवटी.