आश्रमशाळेत अधीक्षक म्हणून रुजू होताय?

आदेश हातात पडला की सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, "तालुक्याहून अपडाऊन जमेल का?" नाही जमणार. शिक्षक संध्याकाळी मोकळे होतात, तेव्हा अधीक्षकाची खरी ड्युटी सुरू होते. अपडाऊन करणाऱ्या जुन्या मंडळींचा सल्ला तर घेऊच नका, त्यांना फक्त नोंदवह्या भरता येतात. शिकायचं तर कामाठीकडून, म्हणजे वसतिगृहात पडेल ते काम करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून. कुठलं पोर रात्री उठून बसतं, कोण दिवाळीनंतर परत येणार नाही, हे त्याला तुमच्याआधी कळतं.

हजेरी, साठा, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची पत्रं महिन्याभरात अंगवळणी पडतात. त्याचं टेन्शन नको.

टेन्शन घ्यायचं ते पावसाळ्यातल्या पोटदुखीचं. "पोट दुखतंय म्हणजे शाळा बुडवायची, ओवा द्या नि झोपवा," असं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. दिवसा बहुतेकदा ते खरंही असतं. पण जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट धरून उठलं तर आधी मण्यार हा विषारी साप आठवा. ही रात्री फिरते, अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज नाही, खूणही बॅटरी लावून सापडेलच असं नाही. त्यामुळे साप चावलाय हे खुद्द पोरालाच ठाऊक नसतं. पोटात कळा, उलटी, मग पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, शेवटी श्वास अडतो. आमच्या सातवीतल्या मुलाच्या मिटत चाललेल्या पापण्या कामाठीने ओळखल्या, म्हणून तो वाचला. ओव्याची पुडी माझ्या हातातच होती.

खूण शोधत बसू नका. दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका. पालक भगताचा आग्रह धरतील, त्यांच्याशी वाद न घालता त्यांनाही गाडीत घ्या. 108 लावा, रेंज नसेल तर मिळेल ती जीप. प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे, हे जूनमध्येच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. मच्छरदाणी नुसती टांगलेली नको, गादीखाली खोचलेली हवी. धान्याची पोती झोपायच्या खोलीत ठेवलीत तर उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप.

घाबरू नका, अशी रात्र दरवर्षी येतेच असं नाही. बाकीच्या रात्री खरूज, ताप आणि घर आठवून रडणारी पहिलीतली पोरं. ती आठवड्या-दोन आठवड्यांत रुळतात, तुम्हाला थोडा जास्त वेळ लागेल. सातपुड्यात नेमणूक असेल आणि पावरी-भिली येत नसेल, तर मोठ्या मुलांपैकी कुणाला तरी मध्ये घ्या. "कुठे दुखतं" आणि "कधीपासून" एवढे दोन प्रश्न मात्र त्यांच्या बोलीत स्वतः पाठ करा. पहाटे तीनला मध्यस्थ झोपलेला असतो.